आधी पाणी मोजा, मग गाडी बघा

आपल्या गाडीने घरोघरी जाऊन लोकांच्या गाड्यांचे डिटेलिंग करून द्यायचे, त्याच गाडीतून सकाळी मुलांना शाळेत सोडायचे आणि सवड मिळेल त्या रविवारी घरच्यांना घेऊन जोतिबाला जायचे, असा बेत ज्याने मनाशी केला आहे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ईको घेऊ, छोटा हत्ती घेऊ, की जुनी बोलेरो बघू? प्रश्न योग्य आहे, फक्त तो एक पायरी आधीच विचारला जातो. या धंद्यात गाडीचा आकार ठरवणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे पाणी. पॉलिशिंग मशीन तीन किलोचे असते, व्हॅक्यूम एका हाताने उचलता येतो, केमिकलच्या बाटल्या एका क्रेटमध्ये मावतात. पाणी तसे नाही. ते जड असते, वळणावर हलते, आणि किती न्यायचे हे एकदा ठरले की कोणती गाडी चालेल, तिचे पासिंग कोणते हवे, मागच्या सीटवर घरची माणसे बसू शकतील की नाही, ही सगळी उत्तरे त्यातून निघतात. म्हणून शोरूमला जाण्याआधी कागद-पेन घेऊन बसावे, असे मला वाटते.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. घरगुती प्रकारचा प्रेशर पंप मिनिटाला साधारण ५ ते ७ लिटर पाणी फेकतो. एका गाडीवर तो प्रत्यक्षात दहा मिनिटे चालला तर ५० ते ७० लिटर गेले. दिवसाला चार गाड्या धरल्या तर २०० ते २८० लिटर, म्हणजे तितकेच किलो. आता दुसऱ्या बाजूने बघा. पाच आसनी गाडी पाच प्रौढ माणसे आणि थोडे सामान धरून बनवलेली असते. माणशी ६८ किलो धरले तर माणसांचे ३४०, सामान धरून ४०० किलोच्या आतबाहेर. या चारशेत तुम्ही आणि मदतनीस मिळून १३५ गेले. प्रेशर पंप, व्हॅक्यूम, दोन पॉलिशर, पाइप, एक्स्टेन्शन बोर्ड, बाटल्या, कापडांचे ढीग, स्टूल, बादल्या यांचे ८० ते ९० धरा. जनरेटर घेतलात तर लहान इन्व्हर्टर जनरेटरचेही वीस किलो धरा. उरले दीडशे. रिकाम्या टाकीचे किंवा कॅनचे वजन आणि हाताशी ठेवायची थोडी सवलत वजा केली तर पाण्यासाठी शंभर लिटर उरतात. पाच आसनी गाडीची लक्ष्मणरेषा इथे आहे. त्यापलीकडे ब्रेक लांबतात, मागचे शॉकअप बसतात, टायर तापतात. शहरात हे फारसे जाणवणार नाही, पन्हाळ्याच्या उतारावर नक्की जाणवेल. अचूक आकडा हवा असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकूण वजनमर्यादा दिलेली असते, तिच्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. सीएनजी मॉडेल घेत असाल तर ही वजाबाकी त्याच मॉडेलच्या आकड्यांवर करा, कारण सिलिंडरमुळे गाडी पेट्रोल मॉडेलपेक्षा साधारण ९० ते १०० किलोंनी जड होते.

तेव्हा खरा प्रश्न असा: शंभर लिटरमध्ये दिवस निघतो का? माझे उत्तर, कोल्हापुरात निघतो. परदेशी व्हिडिओ बघून धंदा शिकलेल्यांना हे पटणार नाही, कारण तिकडच्या व्हॅनमध्ये शंभर गॅलनची, म्हणजे जवळजवळ ३८० लिटरची टाकी दाखवतात. पण त्या व्हॅनची वहनक्षमता टनाच्या आसपास असते आणि ती गल्लीबोळात जात नाही. आपल्याकडे ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या भागांतल्या बंगल्यांना अंगणात नळ असतो, पुष्कळांच्या दारात बोअरही असते. ग्राहकाच्या दारात पाणी असताना दुसरीकडून दोनशे किलो पाणी वाहून आणणे म्हणजे दोनशे किलोंसाठी इंधन, टायर आणि ब्रेक झिजवणे. बुकिंग घेतानाच फोनवर विचारावे: नळ मिळेल का, वीज मिळेल का? मिळत असेल तर दरात थोडी सूट द्यावी. पुष्कळ ग्राहक आनंदाने हो म्हणतील.

राजारामपुरीतल्या किंवा आर. के. नगरमधल्या अपार्टमेंटमध्ये मात्र अडचण खरी आहे. पार्किंगमध्ये पाणी सांडू नये, सोसायटीचे पाणी वापरू नये, असे नियम असतात आणि ते रास्तही आहेत. पण तिथे मोठी टाकी नेऊनही उपयोग होत नाही, कारण हरकत पाणी कुठून आले याला नसते, ते पार्किंगमध्ये सांडण्याला असते. अशा ठिकाणी रिन्सलेस वॉशच चालतो: बादलीत आठ-दहा लिटर पाणी, त्यात ठरलेल्या प्रमाणात रिन्सलेस द्रावण, आठ-दहा मायक्रोफायबर कापडे, आणि प्रत्येक घडीची स्वच्छ बाजू एकदाच वापरायची शिस्त. एका गाडीला दहा लिटर, चार गाड्यांना चाळीस. याला मर्यादा आहे आणि ती लपवू नये. ऊसतोडीच्या हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर चिखल टाकत जातात, पावसाळ्यात गगनबावड्याकडून किंवा राधानगरीकडून आलेल्या गाडीच्या खालच्या अर्ध्या भागावर तांबड्या मातीचा थर बसतो. असा थर पुसला तर रंगावर ओरखडे उठणारच. अशी गाडी आधी पाण्याने मोकळी करावी लागते आणि त्यासाठी वीस-पंचवीस लिटर बाजूला ठेवावे लागतात. तेही शंभरात बसते. नाहीच बसले, तर ते बुकिंग नळ असलेल्या जागी घ्यावे किंवा ग्राहकाला आधी वॉशिंग सेंटरवरून साधी धुलाई करून यायला सांगावे. आपण डिटेलिंग विकतो आहोत, चिखल काढणे त्याचा एक छोटासा भाग आहे.

कमी पाण्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते मला महत्त्वाचे वाटते. रस्त्यावर धुतलेल्या गाडीचा साबण, तेल आणि ब्रेकची काळी धूळ गटारात जाते. कोल्हापुरात गटारे आणि नाले शेवटी कुठे पोचतात हे कुणाला सांगायला नको. पंचगंगेच्या आणि रंकाळ्याच्या प्रदूषणावर या शहराने किती वर्षे आंदोलने केली आहेत! त्यात आपली भर घालणारा धंदा उभा करण्याऐवजी पहिल्या दिवसापासून दहा लिटरची पद्धत शिकून घेणे शहाणपणाचे आहे, आणि ग्राहकालाही ते अभिमानाने सांगता येते.

पाणी शंभर लिटरवर थांबले की पासिंगचा प्रश्नही निम्मा सुटतो. इथे मात्र सावकाश वाचा, कारण सर्वांत महाग चूक इथेच होते. मोटार वाहन कायदा १९८८ मधली 'माल' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. गाडीबरोबर नेहमी वापरली जाणारी उपकरणे आणि माणसांचे वैयक्तिक सामान तिच्यातून वगळलेले आहे, बाकी जवळजवळ सगळे माल ठरते. मालासाठी न बनवलेली गाडीही माल वाहण्यासाठी वापरली तर ती त्या वापरापुरती मालवाहू समजली जाते. खासगी कारच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. भाड्याने देणे, नमुने आणि वैयक्तिक सामानाखेरीज माल वाहणे, आणि मोटार व्यवसायाशी संबंधित कोणताही वापर, हे सगळे त्यात वगळलेले असते. डिटेलिंग हा मोटारींशी निगडित धंदा आहे, म्हणून हे शेवटचे शब्द तुमच्यावर लावले जाऊ शकतात. स्वतःच्या कामाची हत्यारे स्वतःच्या गाडीतून नेली तर कुणी अडवणार नाही, असे सर्रास म्हटले जाते. रस्त्यावर कदाचित अडवणार नाहीत, पण अपघातानंतर दावा दाखल होतो तेव्हा हाच परिच्छेद उघडला जातो. म्हणून पॉलिसी घेण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा: मी या गाडीतून माझ्या सेवा-व्यवसायाची उपकरणे आणि शंभर लिटरपर्यंत पाणी नेणार आहे, अपघात झाल्यास माझा दावा मान्य होईल का? उत्तर लेखी घ्या. नकार आला तर वाढीव हप्ता भरून तशी नोंद करून मिळते का ते विचारा, नाहीतर दुसरी कंपनी बघा. एजंटाच्या तोंडी 'काही होत नाही'वर पाच-सहा लाखांची गाडी सोडू नका.

यावर कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, सरळ मालवाहू पासिंगची गाडी घ्यावी. या पर्यायाची भीती लोक गरजेपेक्षा जास्त बाळगतात, हे खरे. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले आहे. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचे मिळते, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवर भरलेला कर वळता करून घेता येतो, खासगी कारवर येत नाही. सेवा-व्यवसायाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नसल्याने सुरुवातीला या फायद्याला फारसा अर्थ नाही. एवढे सगळे जमेस धरूनही एक गोष्ट आडवी येते. ईको कार्गो असो, सुपर कॅरी असो वा टाटा एस, पुढे दोनच माणसे बसतात. चौघांचे घर त्यात मावत नाही, आणि मागे माणसे बसवणे बेकायदाही आहे आणि जिवाशी खेळही. पिवळ्या नंबरप्लेटची गाडी त्यालाच शोभते ज्याच्या घरी दुसरी चारचाकी आहे. तुमच्या बाबतीत तसे असेल तर हा लेख इथेच थांबवून छोट्या मालवाहू गाडीकडे वळा, तुमच्यासाठी तीच बरी.

एकाच गाडीत दोन्ही बसवायचे असेल तर पाच आसनी ईको हा सर्वांत सरळ पर्याय आहे. २०१० पासून ती बाजारात आहे, १.२ लिटरचे इंजिन आहे, आणि पार्ट्स व मेकॅनिक गारगोटीपासून इचलकरंजीपर्यंत कुठेही मिळतात. तिची लांबी ३,६७५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार मीटरच्याही आत. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या गल्लीत भिंतीला चिकटून उभी केली तरी सरकता दरवाजा उघडता येतो, आणि दिवसातून दहा वेळा सामान काढा-ठेवा करणाऱ्याला याचे मोल कळते. ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे मागे वजन असताना चढावर पकड चांगली राहते. तिची उणीव सुरक्षिततेत होती आणि ती डोळ्याआड करू नये: २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. मधल्या काळात एअरबॅग आल्या आहेत, पण जुनी ईको घेताना ती कोणत्या वर्षाची आहे आणि तिच्यात एअरबॅग किती आहेत हे पाहूनच पैसे मोजा. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने लांबच्या प्रवासात उष्णता आणि आवाज जाणवतो, तेही एकदा चालवून अनुभवा.

घराचा वापर जास्त आणि धंदा शनिवार-रविवारपुरता असेल तर रेनॉल्ट ट्रायबर विचारात घ्यावी. तिची तिसरी रांग काढून ठेवण्याची सोय कंपनीनेच दिलेली आहे, ती काढली की मागे ६२५ लिटरची मोकळी जागा मिळते. इंजिन मात्र एक लिटरचे, ७२ अश्वशक्तीचे. पाणी भरून घाट चढताना तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. वॅगनआरसारखी हॅचबॅक सीएनजीत घेतली तर डिकी सिलिंडर खाऊन टाकतो. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोजपासून दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली, तेव्हा २१० लिटर जागा उरू लागली. ती बाटल्या आणि पॉलिशरला पुरते, पाण्याला पुरत नाही. बोलेरोचे प्रेम या जिल्ह्यात मोठे आहे आणि ग्राहक भुदरगड, आजरा, चंदगडकडे पसरलेले असतील तर ते प्रेम व्यवहारालाही धरून आहे. पण शहरातल्या शहरात दिवसाला वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्याने त्या ताकदीसाठी जास्तीची किंमत आणि डिझेलचा देखभालखर्च का सोसावा, याचे उत्तर मला मिळत नाही. मोठ्या गाडीवर मोठे नाव रंगवता येते, तीच जाहिरात, असाही एक युक्तिवाद असतो. खरे तर डिटेलिंगवाल्याची जाहिरात त्याच्या स्वतःच्या गाडीच्या चकाकीतून होते. लहान गाडी रोज चकचकीत ठेवणे सोपे असते.

विजेबद्दल थोडेच सांगतो. ग्राहकाचा प्लग मिळत असेल तर जनरेटर घरी ठेवा. सकाळी सात वाजता नागाळा पार्कात जनरेटर चालू केला तर पुढच्या वेळी शेजाऱ्यांपैकी कुणी बोलावणार नाही. जनरेटर लागलाच तर गाडीबाहेर, मोकळ्यावर चालवा. दरवाजे उघडे ठेवूनही तो गाडीत चालवू नये, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणूस मारतो. इलेक्ट्रिक गाडी परवडत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीसारख्या काही मॉडेलमध्ये गाडीच्या बॅटरीतून बाहेरची यंत्रे चालवायची सोय असते, नेक्सॉनमध्ये ती सुमारे ३.३ केव्हीएपर्यंत आहे. ८०० वॉटचा पॉलिशर दोन तास आणि १,२०० वॉटचा व्हॅक्यूम अर्धा तास चालवला तर खर्च होतात अवघी सव्वादोन युनिट, आणि गाडीची बॅटरी तीस-चाळीस युनिटांची असते. धंदा स्थिरावल्यावर दुसरी गाडी म्हणून हा पर्याय मला फार चांगला वाटतो.

आता गाडीच्या आतली मांडणी. उद्यमनगरात सांगाल ते फॅब्रिकेशन करून मिळते आणि कारागिरी उत्तम असते, म्हणूनच मोह होतो: सीट काढून टाकू, टाकी चॅसिसला वेल्ड करू, मागे रॅक ठोकू. खासगी पासिंगच्या गाडीत हे करू नका. कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे कायद्याचे ५२ वे कलम सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केले आहे. शिवाय वेल्ड केलेली टाकी रविवारी काढता येत नाही. त्याऐवजी वीस-वीस लिटरचे पाच कॅन घ्या. अर्धी भरलेली एक मोठी टाकी वळणावर गाडीला ढकलते, कारण सगळे पाणी एका बाजूला धावते. पाच कॅनांत ते धावायला जागाच नसते, आणि रिकामे झालेले कॅन आपोआप बाजूला होतात. कॅन पुढच्या सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे ठेवा, शेपटीला नको. प्लायवूडचा एक सुटा कप्पा करून घ्या, तो पट्ट्यांनी बांधा, घरी आल्यावर उचलून बाहेर काढा. बांधणे विसरू नका: ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला चौदा मीटर पुढे जाते, आणि ती आदळून थांबली तरी मागचा सुटा व्हॅक्यूम चौदा मीटरच्याच वेगाने तुमच्या डोक्याकडे येत राहतो. चाके साफ करायची आम्लयुक्त द्रावणे, पेट्रोलचा डबा, सॉल्व्हंट या वस्तू मुलांबरोबर एका गाडीत प्रवास करणार नाहीत, हा नियम घरात सर्वांना माहीत असू द्या. दुपारच्या उन्हात बंद गाडीत त्यांचा वास सीटच्या कापडात मुरतो आणि संध्याकाळी लहान मुलाचे डोके दुखते.

जुनी गाडी घेणार असाल तर या जिल्ह्यात एक तपासणी सर्वांत आधी करावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीतल्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, हे सर्वांनी पाहिले आहे. रंग आणि सीट कव्हर नवे करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांखाली, स्टेपनीच्या खोबणीत, डॅशबोर्डखालच्या वायरच्या जोडांवर गंज किंवा माती दिसली तर किंमत कितीही कमी असली तरी नाही म्हणा.

आणि टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या हाताने जाऊ नका. पाच कॅन भरून न्या, सगळी हत्यारे न्या, मदतनिसाला बरोबर घ्या, आणि विक्रेत्याच्या परवानगीने हे सगळे भरून गाडी एकदा चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा, एकदा उतारावर ब्रेक मारून बघा. मग सगळे उतरवा, मागे घरची माणसे बसवा आणि तोच रस्ता पुन्हा फिरा. दोन्ही फेऱ्यांत जी गाडी बरी वाटेल तिचेच बुकिंग करा.